फळ देणारं कुंपण: रोप निवडण्याआधी छाटणीचा महिना ठरवा

शेताला किंवा घराला जिवंत कुंपण करायचं ठरलं की बहुतेक लोक रोपवाटिकेतून मेंदी, ड्युरांटा नाहीतर मधुकामिनी घेऊन येतात. ही कुंपणं दिसायला छान असतात, पण वर्षभर छाटायला लावतात आणि पदरात काही टाकत नाहीत. त्याच जागेत करवंदं, बोरं, फालसे, तुती, लिंबं निघू शकतात. तरीही हौसेनं फळझाडांचं कुंपण लावलेल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: झाडं वाढली, कुंपण झालं, पण फळ काही धरत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा छाटणीत असतं. कुंपण म्हटलं की कात्री आली, आणि चुकीच्या महिन्यात कात्री चालली की फुलोरा कचऱ्यात जातो. म्हणून मी रोप निवडताना आधी पाहतो की हे झाड कोणत्या फांदीवर फळतं आणि ती फांदी मी केव्हा कापणार आहे. फळाची आवड त्यानंतर. या एका प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर पुढची बरीच कामं सोपी होतात.

आधी कुंपणाचं काम ठरवा

कुंपणानं कोणाला अडवायचं आहे? गुरं अडवायची असतील तर चार फूट उंचीचं काटेरी कुंपण पुरतं. शेळ्यांसाठी उंचीपेक्षा दाटपणा महत्त्वाचा, कारण शेळी फट शोधते. रानडुक्कर जमिनीलगत मुसंडी मारतं, तेव्हा बुंध्यापासून फांद्या फुटलेल्या हव्यात. वर दाट आणि खाली उघडं कुंपण त्याच्यापुढे काहीच कामाचं नाही. बंगल्याला नुसता आडोसा हवा असेल तर काट्यांची गरज नाही, उलट येण्याजाण्याच्या वाटेवर काटे नकोतच.

माकडं-वानरांना मात्र कोणतंही जिवंत कुंपण अडवत नाही, आणि फळांचं कुंपण तर त्यांना बोलावतं. जिथे टोळ्या नेहमी फिरतात तिथे पेरू, डाळिंब, सीताफळ कुंपणाला लावून मनस्ताप करून घेऊ नका. करवंद आणि लिंबू यांवर भर द्या. आंबट आणि काटेरी असल्यानं त्यांची नासधूस तुलनेनं कमी होते.

मग लांबी मोजा. चौकोनी दहा गुंठ्यांचा घेर सुमारे ४१७ फूट, म्हणजे १२७ मीटर भरतो. करवंदाची एक ओळ अडीच फुटांवर लावली तर त्याला १७० च्या आसपास रोपं लागतात. दोन ओळी एकाआड एक लावल्या तर दुप्पट. हा आकडा पाहून घाबरायला होतं, म्हणूनच रोपं विकत घ्यायची की घरी तयार करायची हे आधी ठरवा. घरी करायची असतील तर तयारी लागवडीच्या एक वर्ष आधी सुरू होते. ज्या बाजूनं खरंच त्रास आहे ती बाजू आधी करून बाकीची पुढच्या पावसाळ्यावर टाकली तरी चालतं.

ओळ हद्दीवर आखू नका. हद्दीपासून निदान तीन फूट आत या. कुंपण दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, आणि शेजाऱ्याच्या शेतात उभं राहून दरवर्षी कापणं दोघांनाही त्रासाचं. बांधावरच्या भांडणांपैकी कितीतरी अशा फांद्यांवरूनच सुरू होतात.

फळ कुठे लागतं, ते पाहा

आपल्याकडच्या कुंपणाजोग्या फळझाडांचे छाटणीच्या दृष्टीनं तीन गट पडतात.

पहिला गट त्याच हंगामातल्या नव्या फुटीवर फळणाऱ्यांचा: बोर, फालसा, तुती, बऱ्याच अंशी सीताफळ आणि पेरू. यांना वर्षातून एकदा खरड छाटलं तरी चालतं, किंबहुना छाटल्यावरच चांगलं फळतात. कुंपणासाठी यापेक्षा सोयीचा स्वभाव नाही.

दुसरा गट फांदीच्या शेंड्याकडे फुलणाऱ्यांचा. करवंद यातलं. याला वर्षातून एकदा, फळ उतरल्यावर लगेच कापायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. दर महिन्याला मेंदीसारखं भादरत राहिलात तर हिरवीगार भिंत मिळेल, पण फळ मिळणार नाही.

तिसरा गट मोठं झाल्याशिवाय न फळणाऱ्यांचा: विलायती चिंच, जांभूळ, आवळा, कोकम. विलायती चिंचेचं दाट काटेरी कुंपण खेड्यापाड्यांत खूप दिसतं, पण चार फुटांवर कापलेल्या त्या कुंपणाला गोड गर भरलेल्या आकड्या धरलेल्या दिसत नाहीत. आकड्या हव्या असतील तर ओळीतली एक-दोन झाडं मोकळी वाढू द्या आणि बाकीची कापत राहा. मोठं होणारं झाड शक्यतो उत्तरेच्या कडेला ठेवा. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा दक्षिणेच्या कडेला वाढवलेलं झाड आतल्या भाजीपाल्यावर सावली धरतं.

करवंद: माझी पहिली पसंती

कोकण, मावळ, सह्याद्रीचा सगळा पट्टा आणि गोवा, इथे दुसरं काही शोधायची गरजच नाही. करवंद बारमाही हिरवं राहतं, बुंध्यापासून फुटतं, काटे टणक आणि बऱ्याचदा दुहेरी असतात. जांभ्याच्या कातळावर, मुरमाड उतारावर, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे ते उभं राहतं. पाणी साचलेलं मात्र त्याला सोसत नाही. भारी काळ्या जमिनीत लावायचं असेल तर आधी फूटभर उंचीचा गादीवाफा करून त्यावर लावा.

करवंद दोन प्रकारचं मिळतं, आणि रोप घेताना हा फरक विचारून घ्या. एक रानातलं, बारीक फळाचं, पिकल्यावर काळंभोर होणारं, जिला आपण डोंगरची काळी मैना म्हणतो. ते पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये पिकतं. दुसरं बागायती, मोठ्या फळाचं, पांढरट-गुलाबी किंवा हिरवट-जांभळं. ते पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये काढणीला येतं आणि मुख्यतः लोणचं, चटणी, मुरांब्याला वापरतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात; उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठानं 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' आणि 'पंत सुवर्णा' या जाती दिल्या आहेत. घरात खाणारी लहान मुलं असतील तर रानातलंच लावा. करवंद फोडून आत लाल निघाला की कोंबडा आणि पांढरी निघाली की कोंबडी, हा खेळ काळ्या मैनेशिवाय होत नाही.

रोपं करायला अगदी सोपी. मे महिन्यात झाडावर पूर्ण पिकलेली फळं घ्या, गर चोळून धुवा, बिया एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. मागच्या वर्षीच्या बिया जपून ठेवण्यात अर्थ नाही. मऊ माती आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत दोन-दोन बिया, अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. बियांपासून आलेली झाडं चवीला सारखी नसतात. कुंपणात याचा तोटा नाही. चार झाडं आंबट, दोन गोड, एखादं लवकर पिकणारं, त्यामुळे हंगाम लांबतो. मोठ्या फळाची एकसारखी जात हवी असेल तर गुटी किंवा दाब कलमाचं रोप घ्या.

धीर मात्र लागतो. पहिली दोन वर्षं करवंद काहीच वाढत नाही असं वाटतं. बियांचं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागतं. पण एकदा जम बसला की ते पुढच्या पिढीपर्यंत टिकणारं कुंपण आहे.

छाटणी: रानातल्या करवंदाला फळ संपताच, जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला. पावसाच्या ओलीवर नवी फूट येते, ती हिवाळ्यात पक्व होते आणि त्याच शेंड्यांवर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पांढरी सुवासिक फुलं येतात. मोठ्या फळाच्या जातीला काढणी झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. दिवाळीनंतरची साफसफाई म्हणून डिसेंबरात रानकरवंद कापणं म्हणजे त्या वर्षीचं फळ सोडून देणं.

कोरडवाहू भागात बोर आणि सीताफळ

सोलापूर, नगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात बोराला तोड नाही. त्याचं सोटमूळ खोल जातं, आणि त्याचमुळे ते पिशवीतून लावण्यापेक्षा जागेवरच बी टोचलेलं बरं. पिशवीत रोप जास्त दिवस राहिलं की मूळ तळाशी गुंडाळतं. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर दर तीन-चार फुटांवर दोन-तीन बिया टोचा, जोमदार रोप ठेवा. पुढच्या पावसाळ्यात ज्या रोपांना मोठं फळ हवं त्यांच्यावर उमराण किंवा कडाका यांसारख्या जातीचा डोळा भरून, म्हणजे त्या जातीची कळी सालीत बसवून कलम करून घ्या. सगळ्यांवर भरायची गरज नाही. दर दहा फुटांवर एक कलमी आणि मधली गावठी, असं केलं तर गावठी झाडं काट्यांचं काम चोख करतात. कलमी बुंध्यावर डोळ्याच्या खालून फुटणारा गावठी फुटवा मात्र दिसताक्षणी काढा, नाहीतर तोच झाड ताब्यात घेतो.

बोर उन्हाळ्यात पान गाळून विसावतं. एप्रिल-मेमध्ये ते निर्धास्तपणे खरड छाटा. पावसावर येणाऱ्या नव्या फांद्यांवर फुलं लागतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोरं मिळतात. छाटलेल्या काट्या फेकू नका. नवीन रोपांभोवती लावायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. रोगांत भुरी आणि किडींत फळमाशी, या दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. किडकी बोरं खाली पडू देऊन तशीच सोडली की फळमाशी वाढते, म्हणून ती वेचून खोल पुरा.

सीताफळाला काटे नाहीत, तरी मी ते कुंपणासाठी सुचवतो, कारण त्याच्या पानांना शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. बालाघाटाच्या डोंगररांगांत, चराईच्या माळावरही सीताफळ टिकून आहे ते यामुळेच. बाहेरच्या बाजूला सीताफळ पाच फुटांवर आणि आत करवंद किंवा बोर, ही जोडी मुरमाड जमिनीला छान बसते. पानं झडलेली असताना, उन्हाळा चढण्यापूर्वी हलकी छाटणी करा. बियांची पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते, हे मुलांना सांगून ठेवा.

घराच्या आवारासाठी

फालसा हे मला शहरातल्या आवारासाठी सर्वांत योग्य झाड वाटतं. काटे नाहीत, वाढ भराभर, आणि दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन फुटांवर कापलं की नवीन काड्यांवर एप्रिल-मेमध्ये गोड-आंबट जांभळी फळं. फळं एकदम पिकत नाहीत आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांतच खराब होतात. बाजारात फालसा कमी दिसतो तो यामुळे. घरच्या कुंपणाला ही अडचण नाही, रोज वाटीभर तोडायची आणि सरबत करायचं. तीन-चार फुटांवर लावा. कापल्यावर दीडेक महिना ते बोडकं दिसतं, तेव्हा बारमाही आडोसा हवा असेल तर एकटा फालसा पुरणार नाही.

तुती काडीपासून होते: पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्यात टोचा. ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लं आहे त्याचीच काडी घ्या. रेशीम शेतीतल्या जाती पानांसाठी निवडलेल्या असतात, त्यांच्याकडून फळाची फार अपेक्षा धरू नये. शेळ्यांना तुतीचा पाला फार आवडतो, त्यामुळे उघड्या बाजूला ती टिकत नाही.

रोपवाटिकांत हल्ली बार्बेडोस चेरी आणि सुरीनाम चेरी मिळतात. दोन्ही बाहेरून आलेल्या, पण कुंपणाला शोभणाऱ्या. पानं बारीक, फांद्या दाट. बार्बेडोस चेरी क जीवनसत्त्वासाठी प्रसिद्ध आहे आणि वर्षातून अनेकदा फळते. घ्यायच्या आधी फळ चाखून पाहा. विशेषतः सुरीनाम चेरीला एक उग्र वास असतो, तो सगळ्यांना आवडत नाही.

कागदी लिंबू काटेरी आहे आणि घरात रोज लागतं, म्हणून लोकांच्या मनात पहिलं तेच येतं. पण त्याची दाट ओळ करू नका. लिंबाला हवा आणि ऊन लागतं; तीन फुटांवर लावलेल्या लिंबांवर खैऱ्या रोग आणि किडी ठाण मांडतात. कुंपणात मधूनमधून आठ-दहा फुटांवर एक लिंबू, ही त्याची जागा. राहुरीच्या विद्यापीठाची 'साई सरबती' ही जात घरगुती लागवडीला चांगली आहे. छाटणी म्हणजे वाळलेल्या फांद्या आणि सरळसोट वाढणारे पानसोट काढणं, एवढीच. आणि लिंबाला लागून कढीपत्ता लावू नका. दोन्ही एकाच कुळातले, दोघांवर सिला कीड आणि लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात.

आणखी एक गोष्ट शेजारधर्म म्हणून पाळावी. जवळ डाळिंबाची बाग असेल तर कुंपणाला डाळिंब लावू नका. कुंपणातल्या झाडावर कोणी फवारणी करत नाही, तिथे डाळिंबाचा तेल्या रोग येतो आणि वारा-पावसाबरोबर शेजारच्या बागेत जातो. संत्रापट्ट्यात हाच विचार लिंबाच्या बाबतीत करावा.

कुंपणात काय अजिबात नको

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात मुलं कुंपणावरून फळं तोडून खातात, तिथे त्यांच्या मनात 'कुंपणावरचं खायचं असतं' हे पक्कं बसतं. अशा कुंपणात विषारी झाड एकही नसावं. चंद्रज्योत म्हणजेच मोगली एरंड जनावरं खात नाहीत म्हणून बांधावर सर्रास लावतात. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. पिवळी कण्हेर हृदयावर परिणाम करते. ड्युरांटाची नारिंगी मण्यांसारखी फळं, घाणेरीची हिरवी फळं, गुंजेच्या बिया, शेराचा डोळे भाजणारा चीक, हे सगळं फळकुंपणाच्या आसपासही नको. आधीचं असेल तर मुळासकट काढा आणि मगच नवीन लावा. शेर काढताना डोळ्यांना चष्मा हवाच.

एकाआड एक नको, टप्पे करा

सगळी झाडं आवडली म्हणून एक करवंद, एक तुती, एक फालसा, एक बोर अशी माळ ओवली तर दोन वर्षांत तुती करवंदाला झाकून टाकते. शिवाय प्रत्येकाच्या छाटणीचा महिना वेगळा. डिसेंबरात फालसा कापायला गेलेला माणूस शेजारचं करवंदही सपाट करतोच. म्हणून एका जातीचा पंधरा-वीस फुटांचा सलग टप्पा करा, मग दुसरी जात. रस्त्याच्या आणि चराईच्या बाजूला करवंद किंवा बोर, घरासमोर फालसा, विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्याजवळ तुती. कोकणात फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक कोकम छान दिसतं. कोकमाची नर झाडं वेगळी असतात आणि ती फळत नाहीत, म्हणून बियांच्या रोपाऐवजी 'कोकण अमृता'सारख्या जातीचं कलम घ्या.

लागवड

मे महिन्यात दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा आणि दोन-तीन आठवडे तापू द्या. सुटे खड्डे घेण्यापेक्षा चर बरा, कारण मुळं ओळीच्या दिशेनं मोकळी पसरतात आणि पाणीही सारखं मिळतं. वरच्या थराची माती, पालापाचोळा आणि दर तीन फुटांना दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत टाकून चर भरा. माती खाली बसते, तेव्हा भराव जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर ठेवा.

मृगाचा पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लावा. नुसत्या पहिल्या सरीवर घाई केली आणि पावसानं ओढ दिली तर टँकरनं पाणी घालत बसावं लागतं. दोन ओळी करायच्या असतील तर ओळींत दोन फूट अंतर आणि रोपं समोरासमोर न येता एकाआड एक.

लावलेल्या ओळीच्या बाहेर दोन वर्षांसाठी वाळक्या काट्यांची वई घाला. काटेरी झाडालाही लहानपणी काटे मऊ असतात, आणि करवंदाचा कोवळा शेंडा शेळीला आवडतो. बुंध्याशी चार इंच जाडीचं आच्छादन ठेवा, मात्र खोडाला चिकटवू नका, वाळवी चढते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच राहतात. तिसऱ्या उन्हाळ्यात करवंद, बोर आणि सीताफळ स्वतःचं स्वतः पाहतात. फालसा आणि लिंबाला पाणी लागतंच.

पहिल्या वर्षी कापायचं धाडस

रोपं गुडघ्याएवढी झाली की ती फूटभर उंचीवर कापा. हे काम करताना जीव कासावीस होतो आणि बहुतेक जण ते टाळतात, पण कुंपण खालून दाट होण्याची हीच वेळ. सरळ वाढू दिलेलं झाड नंतर वरून कितीही कापलं तरी बुंध्याशी फुटत नाही. पुढच्या पावसाळ्यात नवीन फुटी अर्ध्यावर कापा, तिसऱ्या वर्षापासून जातीप्रमाणे फळाची छाटणी सुरू करा. आकार खाली रुंद, वर अरुंद ठेवा. उलटा झाला तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या वाळून जातात.

एवढं करूनही कुठे तरी फट पडतेच. तिथे पिशवीतलं नवीन रोप लावून ते क्वचितच वर येतं, कारण दोन्हीकडच्या मोठ्या झाडांची मुळं त्याला पाणी मिळू देत नाहीत. त्यापेक्षा पावसाळ्यात शेजारच्या झाडाची खालची लांब फांदी वाकवा, सालीला तळाशी छोटा काप द्या, मातीत दाबून वर दगड ठेवा आणि शेंडा बाहेर राहू द्या. करवंदात हे हमखास जमतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत फांदीला मुळं फुटतात, आणि ती मूळ झाडापासून तोडायचीही गरज नसते.

फळं तोडताना लांब बाह्यांचा सदरा घाला आणि हात घालण्याआधी काठीनं फांदी हलवा. दाट कुंपणात गांधीलमाशांचं पोळं किंवा साप असू शकतो. करवंदाचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही. तोडलेली फळं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की चीक निघून जातो आणि ओठ चिकटत नाहीत. लोणच्यासाठी रानकरवंदं हिरवी असताना, मेच्या आधीच काढा. वरच्या टोकाची, हात न पोचणारी फळं बुलबुलांना राहू द्या.